लाईनवरच्या आक्का

आक्कांना दोन आवाज होते. पहिला गॅरेजातून निघून उद्यमनगरच्या कोपऱ्यावरच्या चहावाल्यापर्यंत जायचा. त्याच आवाजात त्या चहा मागवायच्या, धाकट्या भावाला झापायच्या आणि रिक्षावाल्याला गाडी मागं घ्यायला लावायच्या. आमच्याकडच्या बायका बोलतात तसं त्याही "मी येतो, मी जातो" असंच बोलायच्या. दुसरा आवाज लाईनवरचा. तो काढायच्या आधी त्या पदर नीट करत, पाठ ताठ करत, आणि मग मऊ, सावकाश, प्रत्येक अक्षर सुटं ठेवणारा आवाज यायचा. "हॅलो, कोल्हापूर. थांबा, जोडते." त्या आवाजात "मी जोडतो" कधी यायचं नाही, "जोडते"च यायचं. मी त्यांना पहिल्यांदा भेटले तेव्हा टेलिफोन एक्स्चेंजमधली त्यांची नोकरी संपून वर्ष होत आलं होतं. आणि पुढं हा दुसरा आवाज त्या मोटारींशी बोलायला वापरायला लागल्या.

ज्यांनी ट्रंक कॉलचा जमाना पाहिलाय त्यांना आक्का कोण हे वेगळं सांगायला नको. मुंबईचा फोन लावायचा तर नंबर नोंदवायचा आणि वाट बघत बसायचं. मग कधीतरी घंटी वाजायची आणि एक बाई म्हणायची, "मुंबईची पार्टी लाईनवर आहे, बोला." तीन मिनिटं झाली की तीच बाई मध्ये येऊन विचारायची, "तीन मिनिटं झाली, वाढवू का?" त्या बायांपैकी एक म्हणजे आक्का. कानाला हेडसेट, समोर भोकाभोकांचा बोर्ड, हातात वायरी. कोल्हापुरातली अर्धी लग्नं ठरताना आणि निम्मी मोडताना त्या मध्ये होत्या. पण कुणाचा शब्द कधी त्यांच्या तोंडून बाहेर आला नाही. गल्लीतल्या बायका खोदून विचारायच्या, तेव्हा त्या म्हणायच्या, "मला घंटी वाजल्याली कळती. बोलल्यालं कळत न्हाय."

मग गल्लोगल्ली पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ झाले. नंबर फिरवला की थेट दिल्ली. बोर्डावरच्या बायांना बिलांच्या खिडकीत बसवलं. एके सकाळी आक्का ड्यूटीवर गेल्या तर त्यांची खुर्ची बोर्डासमोरून उचलून भिंतीला लावलेली होती. कुणी काही बोललं नाही, कुणी काही विचारलं नाही. हा प्रसंग त्यांनी मला एकदाच सांगितला, आणि सांगताना पहिला आवाजही लावला नाही आणि दुसराही. त्यांना राग मशीनचा नव्हता. "मशीन चांगलंच हुतं की. पण उठ म्हणायच्या आदी माणसाला सांगावं तरी."

पुढं त्यांनी नोकरी सोडली आणि फंडाच्या पैशातून एक स्कॅनर घेतला. आता हे स्कॅनर प्रकरण काय, ते सांगते. त्या सुमाराला नव्या गाड्यांत कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्टर आले, आणि इंजिनाचं सगळं बघायला पत्र्याच्या डबीतला एक छोटा कॉम्प्युटर आला. काही बिघडलं की तो डबा मनात नोंद करून ठेवतो आणि समोर पिवळा दिवा लावतो. काय नोंद केलीय ते विचारायचं तर वायर लावून त्याच्याशी त्याच्याच भाषेत बोलणारं यंत्र लागतं. ते यंत्र म्हणजे स्कॅनर. आक्कांचे धाकटे भाऊ बापू यांचं उद्यमनगरात गॅरेज होतं. पुण्याच्या एका प्रदर्शनात आक्कांनी ते यंत्र पाहिलं, विकणाऱ्यानं "मॅडम, हे गाडीच्या कॉम्प्युटरला कॉल करतं" एवढंच म्हटलं, आणि पुढचं त्यांनी ऐकलंच नाही. बापू डोक्याला हात लावून म्हणाले, "आक्का, म्हातारपणाचं पैसं हायती ते!" आक्का म्हणाल्या, "म्हातारपण आलं की सांगतो तुला."

यंत्र आलं. पुस्तक इंग्रजीत. म्हणून एका इलेक्ट्रॉनिक्सवाल्याची गरज पडली आणि म्हणून मी. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. वडील फौंड्रीत मोल्डर, आई शेतात रोजानं. माझा निकाल लागला तेव्हा वस्तीतल्या विहारात पेढे वाटले होते. वडिलांना वाटलं, आता पोरगी पंख्याखाली बसणार. आणि मी सांगत आले की गॅरेजात नोकरी लागली. ते दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतः गॅरेजात आले, दारात उभे राहिले. आक्कांनी त्यांना बघितलं, पदर नीट केला आणि दुसऱ्या आवाजात म्हणाल्या, "या. आपल्या मुलीवाचून आमचं यंत्र मुकं आहे." वडील परत जाताना मला एवढंच म्हणाले, "बाई शानी हाय. ऱ्हा."

पण गॅरेजात सगळेच खूश नव्हते. सलीमभाई तिथले मुख्य मिस्त्री. त्यांच्या आज्यापासून गाड्यांचंच काम. आज्यानं म्हणे संस्थानी काळातल्या मोटारी उघडल्या होत्या. यंत्र टेबलावर ठेवलं त्या दिवशी ते लांब उभं राहून बघत होते. मग म्हणाले, "आक्का, ह्ये आलं म्हंजे आमचं दिवस भरलं. खरं हाय का न्हाय, तेवढं तोंडावर सांगा."

आक्का उठल्या, त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "सलीम, मला एका मशीननं उठवलंय. मी आनल्यालं मशीन कुणाला उठवनार न्हाय. ह्यो माजा शब्द."

सलीमभाईंनी मान हलवली. विश्वास बसला असं काही मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं नाही.

मी पुस्तक वाचून आक्कांना समजावून सांगायला बसले. म्हटलं, आक्का, गाडीचा डबा झोपलेला असतो, कुणाशी बोलत नसतो. स्कॅनर आधी त्याला हाक मारतो, अगदी सावकाश. इतकी सावकाश की यंत्रावरचा दिवा लुकलुकताना डोळ्यांनी मोजता येतो. डबा जागा झाला की उत्तर देतो, आणि त्या उत्तरातच कळतं की आता कोणत्या वेगानं बोलायचं. मग तो आपली ओळख सांगतो. स्कॅनरनं ती उलटी करून परत पाठवायची, म्हणजे नीट ऐकल्याची खूण पटते. त्यानंतर प्रश्नोत्तरं सुरू. आणि मध्येच गप्प बसून चालत नाही. विचारायला काही नसलं तरी स्कॅनरनं थोड्या थोड्या वेळानं "मी आहे, मी आहे" म्हणत राहायचं, नाहीतर डबा फोन ठेवून देतो.

आक्कांच्या डोळ्यांत पाणीच आलं. हसताना यायचं तसं. "अगं पोरी, ह्ये तर सगळं आमचंच की! हाक मारायची, नंबर परत म्हनून दावायचा, आन् मधी मधी 'आहात का लाईनवर' इचारायचं. ह्येला काय नवं म्हनत्यात?"

त्या दिवसापासून त्यांची एक रीत पडली. वायर जोडली की त्या लाईनवरच्या आवाजात हळूच "हॅलो" म्हणायच्या. दिवा लुकलुकत असेपर्यंत गॅरेजात कुणी हातोडा मारायचा नाही, कुणी रेस द्यायची नाही. मी सांगितलं, आक्का, आवाजानं काही फरक पडत नाही, ते विजेचं बोलणं आहे. त्या म्हणाल्या, "ठावं हाय मला. पण दुसरा बोलत असताना गप बसायची सवय लागू दे की ह्यांना." आणि खरंच लागली. गॅरेजातल्या कुणालाही त्या आपल्या खुर्चीत बसू द्यायच्या नाहीत, पण दिवा लुकलुकायला लागला की सगळे आपोआप खुर्चीभोवती गोळा व्हायचे. बापूसुद्धा.

त्या चुकत नव्हत्या असं नाही. एकदा एक गाडी काही केल्या उत्तर देईना. आक्कांनी हॅलो केलं, वायर बदलली, परत हॅलो केलं, यंत्र विकणाऱ्या कंपनीचा उद्धार केला, मला पुस्तक पहिल्यापासून वाचायला लावलं. शेवटी सलीमभाई गाडीत हात घालून आले. किल्लीच फिरवलेली नव्हती. डब्याला वीजच मिळत नव्हती तर तो बोलणार काय? दिवा लुकलुकला, पडद्यावर अक्षरं आली. आक्का पडद्यावरून नजर न हलवता म्हणाल्या, "तुमची परीक्षा घेत हुतो." सलीमभाई म्हणाले, "पास झालो का?" "काठावर," आक्का म्हणाल्या. त्या दोघांचं जमलं ते मला वाटतं तेव्हापासून.

त्यांची सगळ्यात मोठी शिकवण मात्र दुसरीच होती. स्कॅनरवर एखाद्या भागाचं नाव आलं की गिऱ्हाईक लगेच म्हणायचं, "कळलं न्हवं? बदला तो भाग." बाकीच्या ठिकाणी बदलतही होते. आक्का नाही. त्या म्हणायच्या, "ही तक्रार हाय. निकाल न्हवं." डबा फक्त एवढं सांगतो की अमुक ठिकाणाहून आलेली बातमी मला पटली नाही. बातमी देणारा खोटा की बातमीच खरी, हे त्याला कळत नाही. ते बघायला माणूस लागतो, आणि तो माणूस म्हणजे सलीम. पडद्यावरचं त्या शब्दन् शब्द वाचून दाखवायच्या. पुढं आपलं मत एका अक्षरानंही जोडायच्या नाहीत. एकदा मी सवयीनं "म्हणजे बहुतेक सेन्सर गेला असणार" असं म्हणून गेले, तर टेबलावर चापट मारून म्हणाल्या, "ग्रॅज्युएट बाई, जोडनाऱ्यानं मधी बोलायचं नसतं." मला राग आला होता. पण मी अजून ते मोडलेलं नाही.

असं दीड-दोन वर्षं चाललं आणि मग सर्जेरावांची गाडी आली.

सर्जेराव मलकापूरचे. माणूस दिलदार, पण तोंडाचा तोफखाना. त्यांची परदेशी बनावटीची डिझेल गाडी होती आणि सलीमभाईंनी महिन्यापूर्वी तिच्या सायलेन्सरच्या पट्टीला वेल्डिंग करून दिलं होतं. आता ते आले ते ओरडतच. गाडी आंबा घाट चढेना, पिवळा दिवा जाईना, म्हणून त्यांनी ती एका मोठ्या वर्कशॉपला नेली होती. तिथल्या स्कॅनरला डब्यानं उत्तरच दिलं नाही. त्यांनी कागदावर लिहून दिलं होतं की कॉम्प्युटरची बोलायची बाजू जळाली आहे, आणि बॅटरीची वायर न काढता वेल्डिंग केल्यानं असं होतं. नवा डबा परदेशातून मागवावा लागेल.

"कुठं हाय तुमचा मिस्त्री?" सर्जेराव म्हणाले. "माझ्या गाडीचं डोस्कं जाळलं त्येनं! पंचक्रोशीत सांगतो बगा, बापूच्या गॅरेजात गाडी घालू नगा म्हनून."

सलीमभाई गाडीखालून बाहेर आले. "पावणं, बॅटरी काढूनच मारल्यालं वेल्डिंग. मी कवा बी काढूनच मारतो."

"साक्षीदार कोन?"

साक्षीदार कुणी नव्हतं. त्या दिवशी मी आणि आक्का जेवायला गेलो होतो. बापू खाली बघत राहिले. सर्जेरावांचे चार पाहुणे, त्यांच्या गाड्या, मलकापूरच्या बाजूचं सगळं गिऱ्हाईक, हे सगळं त्यांच्या डोक्यात फिरत असणार. शेवटी ते म्हणाले, "सलीम, चूक झाली आसंल तर कबूल कर बाबा. मिटवून टाकू."

त्या एका वाक्यानं सलीमभाईंचा चेहरा उतरला. शिव्या त्यांनी ऐकून घेतल्या असत्या. पण ज्याच्याकडे हयात घातली त्यानंच असं म्हणावं? त्यांनी हात पुसले, कोपऱ्यात गेले, आणि आपले पाने एकेक करून फडक्यात गुंडाळायला लागले. मी आक्कांकडे पाहिलं. मला वाटलं होतं चौकात जाणारा आवाज निघेल. पण त्यांनी पदर नीट केला.

"सलीम, पाने ठेवा खाली," त्या दुसऱ्या आवाजात म्हणाल्या. सलीमभाईंना त्या कधी अहो-जाहो करत नसत. "अजून लाईन सुटलेली नाही." मग सर्जेरावांकडे वळून त्यांनी विचारलं, "गाडी इथपर्यंत कशी आणलीत?"

"चालवत आनली. ढकलत आनू काय?"

"म्हणजे डबा इंजिन चालवतोय."

"चालवतोय की. पर बोलत न्हाय."

"बोलत नाही, का बोलू देत नाहीत?" आक्का म्हणाल्या आणि मला मीटर घेऊन बोलावलं.

स्कॅनर आणि डबा ज्या एका तारेवरून बोलतात ती तार कुणी बोलत नसताना बॅटरीएवढ्या दाबावर उभी असते. बोलणारा तिला खाली ओढतो, सोडतो, ओढतो, सोडतो. तेच त्यांचे शब्द. मी मीटर लावला. काटा शून्यावर. किल्ली फिरवली, तरी शून्य. मी म्हटलं, "आक्का, तार सारखी खाली ओढलेली आहे. म्हणजे डबा आतून जळलेला असू शकतो, नाहीतर—"

"नायतर कुनीतरी रिसिव्हर खाली ठेवायचा इसरलंय," आक्का म्हणाल्या. दुसरा आवाज कुठल्या कुठं गेला होता. "पोरी, आमच्याकडं रोज व्हायचं ह्ये. एका लाईनवर चार एक्स्टेन्शन. कुनाच्या तरी घरात रिसिव्हर बाजूला पडल्याला आसायचा, आन् बाकीची तीन घरं म्हनायची, फोन मेला. मेला न्हवता. कुनीतरी धरून बसल्यालं आसायचं." त्या सर्जेरावांसमोर उभ्या राहिल्या. "पावणं, वेल्डिंगच्या मागनं ह्या गाडीला कुनी हात लावलाय?"

"कुनी न्हाय."

"कुनीच न्हाय?"

"सांगतोय न्हवं! काम म्हनून काय बी केल्यालं न्हाय."

"काम म्हनून ऱ्हाऊ दे. नवं काय बसवलं?"

सर्जेराव थांबले. "टेप बसवलाय. पर ते काय काम हाय व्हय? टेप म्हंजे टेप. जोतिबाला पोरं घिऊन जायाचं हुतं, कंपनीचा टेप म्हंजे डास गुनगुनल्यागत. मग मेहुन्यानं मोठ्ठा बसवून दिला."

आम्ही सगळ्यांनी एकदम गाडीच्या आत बघितलं. निळे दिवे लागणारा, चांगला मोठा टेप होता. मागच्या काचेखाली टोपल्याएवढे दोन स्पीकर.

पुढचं मी सांगते, कारण ते पुस्तकात होतं, आणि आक्कांनी मला तेव्हाच्या तेव्हा काढायला लावलं. त्या गाडीत कंपनीच्या टेपलाही बोलायची तीच तार गेलेली होती, म्हणजे टेपची तक्रारही स्कॅनरला कळावी. मेहुण्यानं गाठलेल्या दुकानदारानं नवा टेप त्याच जोडावर चढवला, आणि नव्या टेपमध्ये त्या तारेची पिन थेट गाडीच्या बॉडीला, म्हणजे शून्यालाच, जोडलेली. गाणी झकास वाजत होती आणि गाडीचा डबा, त्याच्या तोंडावर कुणीतरी हात ठेवल्यासारखा, गप्प होता.

"सलीम," आक्का म्हणाल्या, "टेप काढ."

सलीमभाईंनी पाने गुंडाळलेलं फडकं उघडलं. टेप बाहेर आला, मागचा जोड सुटला, आणि मीटरचा काटा सरकन वर गेला. बारावर जाऊन थांबला. आक्का खुर्चीत बसल्या, वायर लावली. हॅलो म्हणाल्या. दिवा सावकाश लुकलुकला, थांबला, आणि पडद्यावर ओळीमागून ओळी यायला लागल्या. गाडीचं नाव, डब्याचा नंबर, सगळं. जळालेला डबा धडाधडा बोलत होता.

आक्कांनी पडदा सर्जेरावांकडे वळवला. "वाचा तुमीच. मी मधी बोलत न्हाय."

पडद्यावर हवेच्या सेन्सरचं नाव होतं. सर्जेराव म्हणाले, "म्हंजे सेन्सर गेला." आक्का, मी आणि बापू, तिघांच्या तोंडून एकदमच आलं, "ती तक्रार हाय!" सलीमभाईंनी मात्र बॉनेट उघडलं होतं. हवेच्या मोठ्या रबरी पाइपच्या खालच्या अंगावरून हात फिरवून त्यांनी सर्जेरावांचा हात धरला आणि त्यांचं बोट तिथल्या चिरेत घातलं. इंजिनाला मिळायची हवा तिथून सुटत होती. घाटात श्वास लागणार नाही तर काय! एवढ्याशा चिरेसाठी परदेशातून डबा येणार होता.

सर्जेराव बराच वेळ त्या चिरेत बोट घालून उभे राहिले. मग बोट काढून म्हणाले, "सलीमभाई, तोंड लई वाईट हाय बगा आमचं."

"गाडी चांगली हाय," सलीमभाई म्हणाले.

बापूंचं काय? त्या दिवशी चहा त्यांनी स्वतः आणला आणि पहिला कप सलीमभाईंच्या हातात दिला. आक्का ते बघत होत्या. नंतर कोपऱ्यात नेऊन त्यांनी भावाला जे काही सुनावलं ते पहिल्या आवाजात होतं, त्यामुळं अख्ख्या उद्यमनगराला कळलं.

त्यानंतर सलीमभाई दिवा लुकलुकताना सगळ्यात पुढं उभे राहायला लागले. मधूनच विचारायचे, "आता काय इचारलं त्येनं? डबा काय म्हनला?" आक्का सांगायच्या. कधी मी सांगायचे. पण यंत्राला त्यांनी हात लावला नाही. "त्यो तुमचा मान," म्हणायचे.

मी काही वर्षांनी पुण्याला गेले. गाडीच्या डब्यांतली भाषा लिहिणाऱ्या एका कंपनीत नोकरी मिळाली. जाताना आक्कांच्या पाया पडले तर म्हणाल्या, "आता डब्याच्या आत जाऊन बसतीयास. आतनं नीट बोल, भायेरच्याला कळंल असं." सुट्टीला कोल्हापूरला आले की गॅरेजात चक्कर व्हायचीच. दर खेपेला काहीतरी बदललेलं दिसायचं. गाड्यांमधल्या तारा बदलल्या, सगळ्या कंपन्यांचा जोड सारखाच झाला, डबे आपसातच सेकंदाला कितीतरी वेळा बोलायला लागले. सावकाश हाक मारायची गरज उरली नाही. आणि मग मुठीत मावतील असे स्वस्त स्कॅनर आले. पोराटोरांच्या खिशात. लावला की बोलला.

एका दिवाळीत मी गेले तेव्हा बापूंनीही तसा एक घेतला होता. आक्कांच्या टेबलाच्या खणात, वर्तमानपत्राखाली ठेवला होता. आक्कांना सांगायचं धाडस होत नव्हतं त्यांना. पण आक्कांनी खण उघडला. तो हातात घेऊन उलटसुलट बघितला, दारातल्या एका गाडीला लावून पाहिला. हॅलो म्हणेपर्यंत पडद्यावर सगळं आलेलं.

"झकास हाय," आक्का म्हणाल्या. "बापू, मी थोरल्या लेकीकडं निपाणीला जानार हाय ऱ्हायला. लई दिस बोलावतीय."

बापू गडबडले. "आक्का, तसं न्हवं गं, ते आपलं असंच घेतलं—" पण त्यांच्यापेक्षा मोठ्यानं सलीमभाईच बोलले. त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता.

"मला जाऊ दिलं न्हाईसा तुमी. पाने गुंडाळल्यालं सोडाय लावलं. आन् आता तुमी उठून चाललाय? एवढ्याशा डबीपायी? मग मी बी उठतो!"

आक्का हसल्या. "खुळा हाईस. सलीम, तुला खोटं पाडून उठवत हुतं. मला एक्स्चेंजात न सांगता उठवलं. आज मला कुनी उठवत न्हाय. मी बघितलं, मला कळलं, मी माज्या पायानं उठतोय. ह्येच्यात लई फरक हाय. मला त्येवढं एकदा बघायचं हुतं." मग त्यांनी खुर्ची मागं सरकवली, पाठीला हात लावून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बस हितं."

सलीमभाई बसले नाहीत. निपाणीला सोडायला मात्र तेच गेले, आणि परत आल्यावर आठवडाभर ती खुर्ची रिकामीच राहिली. येणाऱ्या गाडीला स्कॅनर लावायचा तो गॅरेजातली पोरं उभ्यानंच लावायची.

आक्का जाऊन आता बरीच वर्षं झाली. निपाणीतच गेल्या, थोरल्या लेकीच्या घरी, सकाळी चहा पिऊन झाल्यावर. मी पोचले तेव्हा सलीमभाई आधीच आलेले होते. अंगणात बसून ते जमलेल्या पाहुण्यांना त्यांची गोष्ट सांगत होते, तीच इथं लिहिते, कारण खुर्ची रिकामी राहिलेल्या त्या आठवड्यानंतरच्या सोमवारी काय झालं हे मला तोवर माहीत नव्हतं.

त्या सोमवारी एक गाडी आली, पोरं जेवायला गेलेली, गिऱ्हाईक घाईत. सलीमभाई शेवटी खुर्चीत बसले. हात पुसले, वायर लावली, पडद्यावर अक्षरं आली. आणि त्यांचा धीर सुटला. त्यांनी गॅरेजातल्या फोनवरून निपाणीचा नंबर फिरवला.

"आक्का, मी सलीम. गाडी लावलीया. पडद्यावर लई काय काय आलंय. आता काय करू?"

पलीकडून आवाज आला. पहिला, चौकात जाणारा.

"मग माज्याशी काय बोलत बसलायस? गाडीशी बोल की!"

आणि त्यांनी फोन ठेवून दिला.